घरी बायबल अभ्यास चालवतेय : एकच जण बोलतो, हॉल पुरत नाही, आणि आम्ही दोघं दमलोय

उंबरठा

सर्वांना सलाम. आजवर इथे नुसती वाचत होते, आज लिहायची वेळ आली.

आमच्या घरी दर बुधवारी संध्याकाळी बायबल अभ्यास असतो. सुरुवात सासूबाईंच्या आजारपणात झाली. त्यांना चर्चला जाता येईना, म्हणून दोन-तीन कुटुंबं प्रार्थनेला यायची. सासूबाई प्रभूजवळ गेल्या, पण येणारे येतच राहिले, वाढले. आता हॉलमध्ये गुडघ्याला गुडघा लागतो. उशिरा येणारे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात आणि मी कॉटवर बसून गीतं म्हणते.

अडचणी सांगते. एक काका आहेत. वचनं तोंडपाठ, मनाने निर्मळ, कुणाच्याही आजारपणात पहिले धावतात. पण बोलायला लागले की थांबत नाहीत. आम्ही मार्कचं शुभवर्तमान (बायबलमधलं येशूच्या चरित्राचं पुस्तक) वाचतोय. कुणी साधा प्रश्न विचारला तरी काका तिथून बायबलच्या दुसऱ्याच पुस्तकांत, दानिएलात जातात, दानिएलातून प्रकटीकरणात, आणि परत येईपर्यंत लोकांच्या घरी जायची वेळ झालेली असते. कॉलेजची मुलं खाली बघून मोबाईल चाळतात. मी एकदा मध्येच म्हटलं, "आपण याच अध्यायावर राहू या का?", तर काका हसून म्हणाले, "स्त्रियांनी शिकवू नये असं प्रेषित पौल आपल्या पत्रात सांगतो." मी शिकवत नव्हते हो, फक्त विचारत होते.

दुसरं, काही जण म्हणतात आता इथेच प्रभूभोजन (चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेऊ, यालाच मंडळी, म्हणजे आपलं चर्च, समजू. तिसरं, अर्पण. मागितलेलं नाही, पण लोक टीव्हीशेजारच्या वाटीत ठेवून जातात आणि ह्यांनी ते ड्रॉवरमध्ये साठवलंय. कुणी विचारत नाही, तरी मला ते पैसे टोचतात. चौथं म्हणजे आम्ही दोघं दमलोय. बुधवार आला की पोटात गोळा येतो. बंद करावं म्हटलं तर देवाचं काम बंद केल्यासारखं वाटतं.

आणि एक राहिलंच. एका बहिणीला कुणीतरी सांगितलं की विश्वास असेल तर शुगरच्या गोळ्या कशाला. तिने अजून थांबवलेल्या नाहीत, पण विचारात पडली आहे. काय करू?

---

मागचा_बाक

ताई, सलाम. शेवटचं आधी. गोळ्यांचं बुधवारपर्यंत ठेवू नका, आजच त्या बहिणीला फोन करा आणि गोळ्या चालू ठेवायला सांगा. काही बदल करायचा तर तो तिचे डॉक्टर करतील. पुढच्या बैठकीत सर्वांसमोर, कुणाचं नाव न घेता, एकदा स्पष्ट सांगा की या घरात आजाऱ्यासाठी प्रार्थना होईल, औषध थांबवायला कुणी सांगणार नाही. वचन हवं असेल तर पौलाचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४), आणि तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३). पौलाच्या प्रार्थनेत कमी होती असं कुणी म्हणणार नाही.

आता बाकीचं. आमच्याकडेही हे बरीच वर्षं चालू आहे, त्यामुळे तुमचे काका मला अगदी ओळखीचे वाटले. प्रत्येक घरमंडळीत एक असतात. नसले तर थोड्या दिवसांत येतात.

तुम्ही चार प्रश्न मांडलेत, मला ते एकच दिसतात. घर तुमचं, तयारी तुमची, पैसे तुमच्या ड्रॉवरात, बोलणं काकांचं. बाकी सगळे पाहुणे. येतात, बसतात, जातात. घरातल्या मंडळीचा खरा धोका हाच, कारण घराला मालक असतो आणि मंडळीला नसावा. योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रेफेस वाचा. त्याला पुढारपण आवडायचं. आलेल्या बंधूंना तो घेत नसे, आणि जे घेत त्यांना मंडळीबाहेर काढत असे. तुम्ही किंवा काका तसे आहात असं मी म्हणत नाही. पण सगळं दोन-तीन हातांत राहिलं की चांगला माणूसही त्या वाटेला लागतो.

काकांबद्दल. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात, अध्याय १८ मध्ये, अपुल्लोस येतो. शास्त्रात पारंगत, मोठा वक्ता, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याचं बोलणं सभास्थानात ऐकलं. तिथेच उठून "तुमचं अर्धवट आहे" असं ते म्हणाले नाहीत. त्याला आपल्याकडे नेलं आणि नीट समजावलं. तुम्ही दोघांनी तेच करायचं. काकांना बुधवार सोडून एका दिवशी घरी बोलवा. त्यांचं जे चांगलं आहे ते आधी मनापासून सांगा (धावपळ करतात हे तुम्हीच लिहिलंय), मग सरळ सांगा की मुलं बोलत नाहीत आणि तुमच्या मदतीशिवाय ती बोलणार नाहीत. तक्रारीच्या सुरात सांगू नका, काम सोपवल्यासारखं सांगा. आणि हो, ही समजूत घालणाऱ्यांत प्रिस्किल्ला होती, हे काकांनी स्वतःच वाचलेलं असेल.

ते १ करिंथ १४:३४ (स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं) काढतील, हे नक्की. काढू द्या. त्याच पत्रात ११:५ मध्ये प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रिया आहेत. या दोन्हींचा मेळ कसा लावायचा यावर मंडळ्यांमध्ये खरोखर मतभेद आहेत, तेव्हा त्यासाठी एक वेगळी संध्याकाळ ठेवा. मार्कच्या अभ्यासात मध्येच तो वाद नको. काकांसाठी १४ व्या अध्यायातलंच आणखी एक वचन आहे: बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झालं तर पहिल्याने गप्प राहावं. तिसावं वचन. ते ह्याच्यावर फार बोलत नसतील.

बोलणं वाटायचं कसं, ते सांगतो. आम्ही उताऱ्याची प्रत काढून प्रत्येकाच्या हातात देतो, दोन्ही बाजूंना भरपूर कोरी जागा सोडून, आणि सोबत एक पेन्सिल. नियम एवढाच की पहिला अर्धा तास या कागदाबाहेर जायचं नाही. दुसऱ्या पुस्तकातलं वचन आठवलं तर समासात लिहून ठेवा, नंतर बघू. काकांसारख्यांना हे सोपं जातं, कारण त्यांचं वचन वाया जात नाही, फक्त रांगेत उभं राहतं.

प्रश्न असे हवेत की उत्तर कागदावर सापडेल. "यातून आपण काय शिकतो?" हा प्रश्न आधी विचारला की सगळे "विश्वास ठेवायला" म्हणतात आणि अभ्यास तिथेच संपतो. मार्क ४ मधलं वादळ घ्या, ३५ ते ४१. येशू कुठे निजला होता? डोक्याखाली काय होतं? शिष्य त्याला उठवताना नेमकं काय म्हणाले, वाचवा म्हणाले की काळजी नाही का म्हणाले? (काळजीचं म्हणाले. मत्तयात वाचवा म्हणतात. पण ते समासात.) ते सर्वांत जास्त कधी घाबरलेले दिसतात, वादळ चालू असताना की शांत झाल्यावर? या प्रश्नावर आमच्याकडे सगळे खाली बघून पुन्हा वाचायला लागले. मोठी भीती ४१ व्या वचनात आहे, म्हणजे वारा पडल्यानंतर. लहानपणापासून रविवारच्या शाळेत ही गोष्ट ऐकलेल्यांनाही ते लक्षात आलेलं नव्हतं.

आणि त्याच संध्याकाळी एक नवीन आलेला मुलगा, ज्याने आयुष्यात पहिल्यांदा शुभवर्तमान हातात घेतलं होतं, म्हणाला, "यात दुसरेही मचवे होते असं लिहिलंय. त्यांचं पुढे काय झालं?" छत्तिसाव्या वचनात आहे ते. आमच्यातला एकही जुना माणूस त्या मचव्यांपाशी कधी थांबला नव्हता. वादळ शमलं ते ज्यांनी त्याला हाक मारली नव्हती त्यांच्यासाठीही शमलं, हे कुणीतरी हळूच म्हणालं आणि मग प्रार्थना फार वेगळी झाली. तुमच्या काकांसारख्या कुणी सुरुवात केली असती तर तो मुलगा बोललाच नसता.

प्रश्न विचारल्यावर शांतता पसरेल. पसरू द्या. लोक वाचत असतात. चालवणाऱ्याला ती शांतता नको तेवढी लांब वाटते आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

पैसे. ड्रॉवर बंद करा, याच आठवड्यात. तुमच्या घराबाहेरचे दोन जण, वेगवेगळ्या कुटुंबांतले, बैठक संपल्यावर सर्वांसमोर मोजतील, वहीत लिहितील, दोघं सही करतील. वही टेबलावर उघडी राहील. यजमानाने पैशाला हात लावायचा नाही. आतापर्यंतची रक्कमही अशीच सर्वांसमोर मोजा आणि कशासाठी वापरायची ते सर्वांनी ठरवा. यात अविश्वास नाही. यरुशलेमेसाठीची वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी नेमलेले बंधू सोबत घेतले. आपल्यावर कुणी दोष ठेवू नये, प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही नजरेत जे बरं ते करावं म्हणून (२ करिंथ ८:१९-२१). खुद्द पौलाला साक्षीदार हवेसे वाटले.

हॉलचं आणि दमण्याचं नंतर लिहितो, इथे रात्र झाली.

---

टीपकागद

मागचा_बाक यांच्याशी बहुतेक सहमत, पण प्रभूभोजनावर ते काही बोलले नाहीत, म्हणून लिहितो.

उंबरठाताई, तुमच्याकडे येणारे लोक रविवारी कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये जात असतील. तुमच्या पाळकसाहेबांना हा गट चालतो हे माहीत आहे का? नसेल तर आधी ते करा. प्रभूभोजन कुणी द्यायचं याबद्दल प्रत्येक परंपरेची शिस्त वेगळी आहे. काहींत फक्त दीक्षित पाळकच देऊ शकतात, ब्रदरन मंडळ्यांत बंधू एकत्र मिळून भाकर मोडतात. तुमच्या चर्चची शिस्त जी असेल ती विचारा, पाळक घरी येऊन देणार असतील तर उत्तम. पण "आपलं आपण घेऊन टाकू" असं बुधवारच्या उत्साहात करू नका. त्या एका संध्याकाळी तुमचा अभ्यासगट स्वतःला वेगळी मंडळी म्हणवायला लागतो आणि ते कुणी ठरवलेलंही नसतं.

हे नवीन नाही. फिलिप याकोब स्पेनर नावाचे लूथरन (प्रॉटेस्टंट) पाळक १६७० पासून फ्रँकफर्टमध्ये आपल्या घरी लोकांना वाचनासाठी, चर्चेसाठी जमवू लागले. चर्चमध्ये जीव यावा, फूट पडू नये हा त्यांचा हेतू. तरी त्यांच्याच गटातले काही पुढे चर्चपासून वेगळे झाले. घरातली जवळीक गोड असते, तिच्यापुढे रविवारची उपासना कोरडी वाटायला लागते.

करिंथमध्येही मंडळी घरांतच जमत होती, आणि प्रभूभोजनाच्या नावाखाली एक भुकेला राहायचा, दुसरा पिऊन मस्त व्हायचा (१ करिंथ ११:२१). घर आहे म्हणून भोजन आपोआप पवित्र होत नाही.

एक शंका मात्र मागचा_बाक यांना. कागदाबाहेर जायचं नाही हा नियम मला थोडा जाचक वाटतो. शास्त्राचा अर्थ शास्त्राने लावायचा असतो. वादळाच्या उताऱ्यावर स्तोत्र १०७ आठवणार नाही का, ज्यात देव समुद्रातलं वादळ शांत करतो?

---

झोपाळू_युतुख

मी त्या खाली बघून मोबाईल चाळणाऱ्यांपैकी. माझ्या आयडीवरून कळलंच असेल. प्रेषितांच्या कृत्यांत आहे, त्रोवस गावात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि माझा नामबंधू खिडकीत बसल्या बसल्या झोपून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोक सांगताना नेहमी त्याचं चुकलं असं सांगतात. भाषण किती लांबलं ते कुणी काढत नाही. ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकने मात्र लिहून ठेवलंय, थँक्यू लूक.

काकू, आम्ही मोबाईल बघतो कारण आमच्यासाठी काही काम नसतं. आमच्या इथल्या गटात एका ताईंनी माझ्यावर नकाशा सोपवला. मार्कमध्ये येशू कुठून कुठे गेला ते दर वेळी दोन मिनिटांत दाखवायचं. त्यासाठी मला आधी अध्याय वाचावा लागतो. फसवलं त्यांनी मला, चांगल्या अर्थाने.

लहान मुलांसाठी वेगळी खोली करणार असाल तर दार उघडं आणि दोन मोठी माणसं आत, एक कधीच नको. ओळखीचे असले तरी. हे सगळ्यांसाठी एकच ठेवलं की कुणाला वाईट वाटत नाही.

आणि वेळ. आठला संपणार म्हटलं की आठला संपवा. ज्यांना बसायचंय ते बसतीलच.

---

मागचा_बाक

टीपकागद, प्रभूभोजनावर तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, मी मुद्दामच सोडलं होतं. स्तोत्र १०७ बद्दल: आठवायलाच हवं, आणि अर्ध्या तासानंतर ते वाचलं की जास्त भिडतं. आधी वाचलं तर लोक मार्क सोडून स्तोत्रच ऐकतात. प्रेषितांच्या कृत्यांतले बिरुया गावचे लोक पौलाचं ऐकून दररोज शास्त्रात शोध करत होते, तो शोध त्यांचा त्यांना करू द्यायचा एवढंच.

ताई, आता हॉल. युफ्रेटिसच्या काठी दूरा-युरोपस नावाच्या गावात तिसऱ्या शतकातलं एक घर उत्खननात सापडलं, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला. तिथल्या ख्रिस्ती लोकांनी दोन खोल्यांमधली भिंत पाडून जवळजवळ तेरा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा एक हॉल केला होता, आणि दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्याचा हौद, भिंतींवर उत्तम मेंढपाळ, पक्षाघाती, पाण्यावरून चालणारा पेत्र. सुमारे २५६ मध्ये गाव पडलं. तटाला बळकटी म्हणून मातीचा भराव टाकला गेला, त्यात हे घर गाडलं गेलं, म्हणून टिकलं. सांगायचं असं की भिंत पाडली त्या दिवसापासून ते राहतं घर उरलं नाही. तुम्हाला अजून तिथे राहायचंय. भिंत पाडू नका, दुसरं घर शोधा.

पण आज घोषणा आणि पुढच्या आठवड्यात दोन गट, असं नको. लोकांना वाटणी झाल्यासारखं वाटतं. आधी बैठक आलटून पालटून दुसऱ्या एका घरी न्या, सगळ्यांनी मिळून. त्या घरच्यांना सवय होईल, तुम्हाला एक आड एक बुधवार मोकळा मिळेल. मग हळूहळू ज्यांना जे घर जवळ ते तिथे थांबतील. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांनी १७४२ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला बाराएक जणांचे वर्ग पाडले, तेही खरं तर कर्ज फेडायला. प्रत्येक पुढारी दर आठवड्याला घरोघरी एकेक पेनी गोळा करायला जाऊ लागला आणि त्याला कळायला लागलं की कोण कसं जगतंय. माणसाची विचारपूस व्हायची तर गट असा लहान हवा. एवढ्या गर्दीत तुम्हाला शुगरच्या गोळ्यांचं कळलं, हेच नवल.

आणि त्याच वेस्लीची आई. सुझॅना. नवरा लंडनला गेलेला असताना, १७११-१२ च्या हिवाळ्यात, ती रविवारी संध्याकाळी आपल्या मुलांसाठी घरात प्रार्थना घ्यायची. शेजारी यायला लागले, दोनशेच्या आसपास लोक झाले. बदली पाळकाने नवऱ्याकडे तक्रार केली. तिने नवऱ्याला लिहिलं की बंद करावंसं वाटत असेल तर नुसती इच्छा सांगू नका, स्पष्ट आज्ञा द्या, म्हणजे न्यायाच्या दिवशी ती जबाबदारी माझ्यावर राहणार नाही. काकांना ही गोष्ट सांगू नका, पण तुम्ही लक्षात ठेवा.

थांबण्याबद्दल. महिनाभर बंद ठेवा. खरंच. लोकांना सांगा, घराला सुट्टी आहे. ज्यांना वचनाची भूक आहे ते दुसरीकडे जमतील, आणि तेच तुमचं दुसरं घर असेल.

---

उंबरठा

सगळ्यांचे आभार. त्या बहिणीशी बोलले, गोळ्या चालू आहेत. तिला कुणी सांगितलं तेही कळलं. काका नव्हते, बरं वाटलं.

पाळकसाहेबांना ह्यांनी फोन केला. त्यांना माहीतच होतं, आम्ही कधी सांगतो याची वाट बघत होते म्हणाले! महिन्यातून एकदा स्वतः येणार आहेत. प्रभूभोजनाचा विषय त्यांच्यावर सोपवला. ड्रॉवर रिकामा झाला, दोघींनी मोजलं, वही टेबलावर आहे. वाटलं होतं लोक बिचकतील, उलट एक आजोबा म्हणाले, कधीपासून विचारायचं होतं.

महिनाभर बंद ठेवायचं धाडस होत नाही, दोन आठवडे ठेवतेय. त्यानंतर दुसऱ्या घरी, मार्क ५.

काकांना शनिवारी बोलावलंय. मी विचार केलाय की त्यांना वेळ सांभाळायचं काम द्यावं. घड्याळ हातात असलं की स्वतःही आवरतील ना?

---

मागचा_बाक

नको ताई. घड्याळ त्यांच्या हातात दिलंत तर ते इतरांचा वेळ मोजतील. वाचन द्या त्यांना. संपूर्ण अध्याय मोठ्याने, सावकाश, थांबे घेऊन. मार्क ५ मोठा आहे, त्रेचाळीस वचनं, आणि ज्याला पाठ आहे तो माणूस ते फार सुंदर वाचतो. घड्याळ युतुखसारख्या एखाद्याकडे द्या.

---

झोपाळू_युतुख

चालेल. फक्त मला खिडकीपाशी बसवू नका.